दोन बैठकांतली गाठ

२००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले. फळातला किडा, विशेषतः कोयीत लपून बसणारा भुंगा, आधी निकामी करून मगच आंबा पाठवायचा, अशी अट होती. म्हणून हापूसच्या पेट्या कोकणातून घाट चढून नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला गेल्या. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र आहे, मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून बांधलेले. त्यात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूसमोरून पेट्या फिरतात आणि प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे एवढे गॅमा किरण मिळतात. ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणांचे माप. फळ गरम होत नाही, किरणोत्सारी होत नाही. पिकते, आणि खाणाऱ्याच्या हाती जाते.

याच धातूचे हेच किरण त्याआधी दहा वर्षांपासून मुंबईत, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात माणसाच्या मेंदूतल्या गाठीवर सोडले जात होते. तिथला डोस गाठीच्या कडेला साधारण १२ ते १४ ग्रे. आंब्याच्या मानाने अगदी थोडा. पण आंब्याला तो कसाही, चहूबाजूंनी मिळाला तरी चालतो. गाठीच्या बाबतीत दोन-तीन मिलिमीटर पलीकडे दृष्टीची नस असते, आणि तिच्या वाट्याला ८ ग्रेच्या फारसे वर काही जाऊ नये, असा डॉक्टरांचा जुना दंडक. या इवल्याशा अंतरात रेडिओसर्जरीचा, म्हणजे चाकूऐवजी किरणांनी करायच्या शस्त्रक्रियेचा, सगळा इतिहास मावतो.

मला मागोवा घ्यायचा आहे तो या इतिहासातल्या एका फांदीचा. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिन्जिओमा नावाच्या गाठीला किरण एकाच बैठकीत द्यायचे, की टप्प्याटप्प्याने? ज्या उपचाराचा जन्मच ‘एकदाच, एकाच दिवशी’ या आग्रहातून झाला, त्याला पुढे दोन बैठका का कराव्या लागल्या? हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना पडला नव्हता. तो विचारायला लावला मोठी गाठ घेऊन उशिरा आलेल्या रुग्णांनी. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातून मुंबईला जाणारा रुग्ण बहुधा असाच असतो, म्हणून ही फांदी मला आपल्या अंगणातली वाटते.

आधी गाठीविषयी. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांतल्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आवरणाच्या पेशींतून मेनिन्जिओमा उगवतो. म्हणजे ही गाठ मेंदूची नव्हे, मेंदूच्या पांघरुणाची. कवटीच्या आत सुरू होणाऱ्या गाठींत हिचा वाटा साधारण एक तृतीयांश. बायकांत प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. पाचातल्या चार गाठी पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, शरीरात दुसरीकडे न पसरणाऱ्या. ‘कॅन्सरची नाही ना?’ या घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाला डॉक्टर ‘नाही’ म्हणू शकतात. पण कवटी हाडाची आहे, ती ताणत नाही. साधी गाठही चुकीच्या जागी वाढली तर डोळा घेते, चेहऱ्याची संवेदना घेते, कधी स्वभावच पालटून टाकते.

बासेलच्या फेलिक्स प्लाटर या वैद्याने १६१४ साली एका सरदाराच्या शवविच्छेदनात सापडलेल्या गोल, मांसल गाठीचे वर्णन लिहून ठेवले. मेनिन्जिओमाची ही पहिली लेखी नोंद मानतात. हा माणूस मरण्यापूर्वी हळूहळू बुद्धी हरवत गेला होता आणि आजूबाजूच्यांना त्याचे कारण कळत नव्हते. चारशे वर्षांनीही ही हकिकत जुनी वाटत नाही. रोमच्या फ्रांचेस्को दुरांते यांनी १८८५ साली नाकाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या तळाशी असलेली अशी गाठ यशस्वीपणे काढली. मात्र गाठीला तिचे आजचे नाव दिले ते हार्वी कुशिंग यांनी, १९२२ साली.

कुशिंग यांच्याजवळ थोडे थांबायला हवे, कारण टप्प्याची गोष्ट खरे तर इथेच सुरू होते. १९१० साली त्यांच्याकडे लेनर्ड वूड हे अमेरिकी सेनाधिकारी आले. डोक्याच्या मध्यरेषेजवळ गाठ, शरीराच्या एका बाजूला आकडी येत असे. कुशिंग यांनी कवटी उघडली, रक्त फार गेले, आणि त्यांनी हात आखडता घेतला. जखम बंद केली, रुग्णाला सावरू दिले आणि काही दिवसांनी पुन्हा उघडून गाठ काढली. रक्त चढवण्याची आणि रक्तवाहिनी विजेने बंद करण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. एका दिवसात शरीर जे सोसू शकत नाही ते दोन दिवसांत विभागायचे, एवढा साधा विचार. वूड त्यानंतर सतरा वर्षे जगले, फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गाठ परत आली, आणि १९२७ साली पुन्हा शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते दगावले. त्यांच्या एका आयुष्यात मेनिन्जिओमाचे दोन्ही धडे आहेत: घाई करू नये, आणि मुळाशी थोडीही उरली तर ती परत येते.

हा दुसरा धडा आकड्यांत मांडला डोनल्ड सिम्पसन यांनी, १९५७ साली. गाठ, तिचे मूळ धरणारे आवरण आणि बाधित हाड, सगळे काढले तर परत येण्याचे प्रमाण ९ टक्के. आवरण कापून न काढता नुसते जाळले तर १९ टक्के. जसजसे जास्त उरेल तसतसा आकडा चढत जातो. सिम्पसन यांची श्रेणी आजही शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिली जाते. तिने सर्जनला ईर्ष्या दिली, आणि कवटीच्या तळाशी, जिथून डोळ्याच्या हालचालीच्या नसा आणि मेंदूची मुख्य रक्तवाहिनी एकत्र जातात तिथल्या गाठींच्या रुग्णांना त्या ईर्ष्येची किंमतही मोजावी लागली. गाठ पूर्ण निघाली, पण पापणी उचलली जात नाही, घास गिळता येत नाही. अशी माणसे पाहूनच न कापता गाठ थांबवण्याचा विचार गंभीरपणे सुरू झाला.

किरणांचे घराणे वेगळे. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि काही महिन्यांतच लोक ते रोगांवर वापरून पाहू लागले. सुरुवातीला एकदम, भरपूर. कातडी जळली, जखमा झाल्या. मग पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच वेळी मोठा डोस देऊन मेंढ्याला निर्बीज करायचे तर वरची कातडी जळत होती. तोच परिणाम अनेक छोट्या डोसांत मिळवला तर कातडी वाचत होती. आंरी कुतार यांनी ही रीत घशाच्या कॅन्सरवर लावली, आणि किरणोपचाराचा पायाच ठरला: थोडे थोडे, रोज, कित्येक आठवडे. निरोगी पेशी रात्रीत स्वतःला दुरुस्त करतात, आजारी पेशींना ते तितके जमत नाही. त्या फरकावर जगायचे.

ही रीत आपल्याकडे परळला आली. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजी गेले, आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, संगमेश्वरच्या माणसांना परळ परके नव्हते. गिरणीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांची खोली लालबाग-परळच्या चाळीत असायची, आणि गावचा रुग्ण त्या खोलीत पथारी टाकून ‘शेक’ घ्यायला टाटात जायचा. ज्याचे कुणी नाही त्याला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. सहा आठवड्यांचा शेक म्हणजे सहा आठवडे मुंबई. मेनिन्जिओमासाठी आजही हा मार्ग आहे: साधारण ५४ ग्रे, तीस भागांत, आठवड्याला पाच दिवस. तो उत्तम आहे, मोठ्या गाठीलाही चालतो. पण गावाकडचे घर, भात लावणी, जनावरे आणि कामावरची रजा यांना सहा आठवडे परवडत नाहीत. हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले नसते. रुग्ण अर्ध्यावर उपचार सोडतो त्यामागे पुष्कळदा हेच असते.

परळलाच केईएम रुग्णालय आहे, १९२६ पासूनचे. तिथे होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले राम गिंडे हे मुंबईत या शाखेची सुरुवात करणाऱ्यांतले. सीटी स्कॅन तेव्हा जगातच नव्हता. तो १९७१ साली लंडनमध्ये प्रथम माणसावर वापरला गेला. त्याआधी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून किंवा मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढायचा आणि सावल्या कुठे सरकल्या यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. ज्या पिढीने हे केले तिच्याकडे पाहताना मला आदराशिवाय दुसरे काही सुचत नाही.

आता स्टॉकहोम. लार्स लेक्सेल हे मेंदूचे सर्जन. कवटीवर पक्की बसवलेली धातूची फ्रेम आणि तीन अंगांनी मोजलेले अंतर, यांच्या आधारे मेंदूतला कोणताही बिंदू गाठता येतो, ही कल्पना १९०८ साली लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी प्राण्यांसाठी वापरली होती, आणि १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी ती माणसावर आणली. लेक्सेल यांनी स्वतःची फ्रेम बनवली, कमानीची, सुटसुटीत. मग त्यांच्या मनात आले की बिंदू इतका अचूक कळतो तर सुई तरी कशाला घालायची? सुईच्या जागी किरण. १९५१ साली त्यांनी या कल्पनेला रेडिओसर्जरी हे नाव दिले.

यात रेगो यांच्या घराण्याशी सरळ फारकत होती. थोडे थोडे का द्यायचे, तर शेजारची निरोगी जागा वाचावी म्हणून. पण नेम इतका पक्का असेल की शेजारी किरण जातच नाहीत, तर विभागणीची गरज काय? एकाच बैठकीत पूर्ण डोस द्यायचा, सर्जन जसे एकाच बैठकीत काम संपवतो तसे. नावातच सर्जरी होती, आणि लेक्सेल स्वतःला किरणोपचाराचे डॉक्टर मानत नव्हते. त्यांनी आधी क्ष-किरण वापरले, मग उप्सालाच्या बर्ये लार्सन यांच्याबरोबर प्रोटॉन किरण. शेवटी कोबाल्ट-६० वर ते स्थिरावले. १९६८ साली पहिला गॅमा नाइफ स्टॉकहोममध्ये रुग्णांसाठी सुरू झाला. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. प्रत्येकाचा किरण एकटा दुबळा. ज्या बिंदूवर सगळे एकवटतात तिथेच जोर.

मेनिन्जिओमा मात्र तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. यंत्र बनले होते असह्य वेदना, कंप, काही मानसिक व्याधी यांसाठी, मेंदूच्या आत अगदी बारीक जागा निकामी करायला. सीटी आणि नंतर एमआरआय आले, गाठीची कड दिसू लागली, आणि तेव्हा कुठे यंत्राला त्याचे खरे काम सापडले. पिट्सबर्गमध्ये १९८७ साली २०१ स्रोतांचे यंत्र बसले. तिथल्या कोंझिओल्का आणि लन्सफर्ड यांच्या गटाने १९९१ साली मेनिन्जिओमाच्या पन्नास रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गाठी नाहीशा होत नव्हत्या. त्या थांबत होत्या, काही सावकाश आकसत होत्या. पहिल्या श्रेणीच्या लहान गाठींत दहा वर्षांनीही दहातल्या नऊ किंवा त्याहून अधिक गाठी आटोक्यात राहतात, हे पुढच्या काळात अनेक ठिकाणी दिसले.

भारतात गॅमा नाइफ १९९७ साली आला: मुंबईत हिंदुजा रुग्णालयात डॉ. बसंतकुमार मिश्र यांच्या विभागात, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण रत्नागिरीच्या माणसाच्या लेखी आहे. एसटीने रात्रभर वळणे खात दुखरे डोके मुंबईला नेणे आणि गाडीत आडवे होऊन पहाटे दादरला उतरणे, यांत फरक आहे. आणि एका दिवसाचा उपचार! सकाळी कपाळावर भूल देऊन चार स्क्रूंनी फ्रेम बसवायची, एमआरआय, मग संगणकावर आखणी, मग यंत्रात काही तास, संध्याकाळी फ्रेम निघते. दुसऱ्या दिवशी गाव गाठता येते. टाके नाहीत, डोक्याचे केस जात नाहीत. ‘चाकू नसलेला चाकू’ म्हणून वर्तमानपत्रांतून त्याची वाहवा झाली ती खोटी नव्हती.

फक्त ती लहान गाठीपुरती खरी होती.

इथे थोडे गणित करावे लागेल. तीन सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचे आकारमान भरते १४ घन सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर व्यासाचे, ६५. व्यास दुपटीपेक्षाही कमी वाढला, गाठ साडेचार पटींहून मोठी झाली. इतक्या मोठ्या जागेला एकाच वेळी १४ ग्रे पोचवायचे तर किरणांची कड पूर्वीसारखी तीव्र उतरत नाही. शेजारच्या मेंदूवर सांडणारा डोस वाढत जातो. सूज येते, आणि ही सूज महिनोन्‌महिने राहू शकते. डोक्याच्या मध्यरेषेजवळच्या गाठींत ती विशेष. म्हणून तीन सेंटिमीटर ही रेडिओसर्जरीची सीमा ठरली. मोठी गाठ असेल तर आधी शस्त्रक्रिया, हाच सल्ला बरोबर होता, आणि जिथे पोचता येते त्या गाठीसाठी आजही तोच बरोबर आहे. दाब वाढलेला असेल, दृष्टी झपाट्याने जात असेल, तर किरणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. राहतात ते लोक, ज्यांची गाठ मोठीही आहे आणि कवटीच्या तळाशी, कापायला धोक्याच्या जागीही. किंवा ज्यांचे हृदय, वय, मधुमेह भूल सोसू देत नाही. किंवा ज्यांची शस्त्रक्रिया होऊनही बरीच गाठ मागे राहिली आहे.

या लोकांसाठी टप्प्यांची रेडिओसर्जरी आली. पहिले पाऊल मेनिन्जिओमासाठी टाकलेले नव्हते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गुंत्याचे भाग पाडून, काही महिन्यांच्या अंतराने एकेका भागावर किरण सोडण्याचे काम १९९० च्या दशकात पिट्सबर्गला सुरू झाले होते. तोच विचार जपानमध्ये ओसाकाच्या योशियासू इवाई आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या तळाच्या मोठ्या मेनिन्जिओमांना लावला आणि २००१ साली प्रसिद्ध केला: दोन बैठका, मध्ये साधारण सहा महिने. २००९ साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून हाझेल्सबर्गर यांच्या गटाने अशाच पद्धतीच्या वीस रुग्णांचा अनुभव मांडला. वीस. हे आकडे लहान आहेत, आणि या उपचारामागचा पुरावा बव्हंशी असाच, मागे वळून पाहिलेल्या नोंदींचा आहे. रुग्णाला हे सांगितले पाहिजे. पण ज्यांच्यापुढे दुसरा चांगला पर्याय नव्हता अशांच्या गाठी यांत थांबल्या, हेही सांगितले पाहिजे.

पद्धती दोन. एकीत गाठीचे भाग पाडतात: आज खालचा अर्धा, सहा महिन्यांनी वरचा. प्रत्येक वेळी लक्ष्य लहान, म्हणून शेजारी सांडणारे किरण कमी, आणि मधल्या काळात निरोगी मेंदू सावरतो. दुसरीत गाठ अखंड ठेवून डोस वाटतात: तीन किंवा पाच दिवस लागोपाठ, पाच दिवसांत मिळून २५ ग्रेच्या आसपास. दृष्टीच्या नसेला चिकटलेल्या गाठीसाठी ही दुसरी रीत विशेष कामाची. तिला जोर मिळाला तो जॉन अॅडलर यांच्या सायबरनाइफमुळे. अॅडलर हे लेक्सेल यांच्याकडेच शिकून गेलेले. त्यांनी स्टॅनफर्डमध्ये १९९४ साली यंत्रमानवाच्या हातावर किरणयंत्र बसवून पहिला रुग्ण घेतला, आणि डोक्याची फ्रेमच काढून टाकली. फ्रेम नाही म्हटल्यावर रोज यायला हरकत उरली नाही. शेवटी २०१५ मध्ये खुद्द लेक्सेल यांच्या घराण्यातला गॅमा नाइफही ‘आयकॉन’ या रूपात मुखवट्यावर आला आणि विभागलेले डोस देऊ लागला. चंदीगडच्या पीजीआयमध्ये तर फ्रेम डोक्यावर तशीच ठेवून लागोपाठच्या दिवसांत डोस वाटून देण्याचे काम झाले आहे. नव्या यंत्राची वाट न पाहता जुन्या यंत्रातून वाट काढण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

वंशावळ म्हणून पाहिले तर हे विलक्षण आहे. रेगो यांचे ‘थोडे थोडे’ आणि लेक्सेल यांचे ‘एकदाच’ ही दोन घराणी १९५१ साली वेगळी झाली. पन्नास वर्षे त्यांचे डॉक्टर वेगळे, विभाग वेगळे, परिषदा वेगळ्या. मोठ्या मेनिन्जिओमाने त्यांना पुन्हा एका टेबलाशी बसवले. आणि त्यांच्याही मागे कुशिंग उभे आहेत, लेनर्ड वूड यांची जखम बंद करून काही दिवस थांबणारे.

या इतिहासात एक अवघड पान आहे, ते झाकू नये. किरण मेनिन्जिओमा थांबवतात, आणि किरणांनीच तो होऊही शकतो. इस्रायलमध्ये १९५० च्या आगेमागे डोक्यावरच्या नायट्यासाठी सुमारे १०,८०० मुलांच्या डोक्याला क्ष-किरण दिले गेले. मेंदूला पोचलेला डोस सरासरी दीड ग्रेच्या आसपास. ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यात मेनिन्जिओमाचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेनऊ पट आढळले, तेही कित्येक वर्षांनी. म्हणून तरुण रुग्णाला, लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठीला, पहिला सल्ला बहुधा नुसते लक्ष ठेवण्याचा असतो. ठरावीक काळाने एमआरआय. ‘काहीच करत नाहीत’ असे घरच्यांना वाटते, पण लक्ष ठेवणे हा उपचारच आहे.

आता रत्नागिरी. इथे गाठ मोठी होऊन का येते? कारण ती सावकाश वाढते आणि तिची लक्षणे दुसऱ्या कशाची तरी वाटतात. डोके दुखते ती अर्धशिशी. एका डोळ्याने कमी दिसते तो मोतीबिंदू. साठीतली बाई अबोल, बेफिकीर झाली तर वय झाले, नाही तर बाहेरचे काही लागले म्हणून देवाला गाऱ्हाणे. मी गाऱ्हाण्याला नावे ठेवत नाही. माणूस घाबरला की देवापाशी जातो. पण कपाळामागच्या मेनिन्जिओमाने स्वभाव बदलतो, हे प्लाटर यांच्या १६१४ च्या नोंदीतही होते, आणि गाऱ्हाण्याबरोबर एक स्कॅनही व्हायला हवा. स्कॅनसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. रत्नागिरी शहरात आणि चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात सोय आहे. याच रुग्णालयाशी हात मिळवून टाटा मेमोरियलने या जिल्ह्यात गावोगाव तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्या केल्या. मुंबईचे वैद्यक कोकणात उतरू शकते, हे त्यातून दिसले. मेंदूच्या गाठीसाठी घरोघर तपासणी करणे शहाणपणाचे नाही, पण चाळिशीनंतर नव्याने आलेली आकडी किंवा एकाच डोळ्याची घटलेली नजर दिसताच तालुक्याच्या डॉक्टरने स्कॅन लिहून द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि टप्प्यांच्या उपचारात कोकणी रुग्णाची अडचण दुहेरी असते. पहिली बैठक झाली, माणूस बरा दिसतो, काही दुखत नाही. सहा महिन्यांनी परत जायचे ते कशाला? अर्धी गाठ झाली आणि अर्धी राहिली हे चेहऱ्यावर दिसत नाही. डिसेंबरात पहिली बैठक झाली तर दुसरी जूनमध्ये येते: मृगाचा पाऊस, पेरणी, दरडींची भीती, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक. सहा महिने हा देवाने आखलेला मुहूर्त नाही. प्रसिद्ध झालेल्या अनुभवांतही अंतर थोडे मागेपुढे असते. म्हणून पहिल्याच भेटीत रुग्णाच्या माणसाने संकोच न करता विचारावे: ही गाठ सहा महिन्यांच्या दोन बैठकांत घेणार, की पाच दिवसांत? दुसरी तारीख मे महिन्यात किंवा गणपतीनंतर धरता येईल का? गाठीची जागा आणि आकार यांवरच निर्णय होणार, तो व्हायलाही तसाच हवा. पण जिथे डॉक्टरांना दोन्ही वाटा सारख्याच योग्य वाटतात, तिथे एक आठवडा मुंबईत नातेवाइकांकडे राहून संपणारा उपचार पुष्कळांना पूर्ण करता येईल.

मधला एमआरआय रत्नागिरीत करून त्याच्या प्रतिमा मुंबईला पाठवल्या तर एक फेरी वाचते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिल्या बैठकीची नोंद. कोणत्या भागाला किती ग्रे गेले, दृष्टीच्या नसेला किती, मेंदूच्या देठाला किती, याची आखणी रुग्णालयाकडे असते आणि तिची प्रत मागितल्यावर मिळते. नसेने पहिल्या वेळी सोसलेले किरण दुसऱ्या वेळी विसरले जात नाहीत. ते मोजूनच पुढचा डोस ठरतो. रुग्णालय बदलले, डॉक्टर बदलले, किंवा पाच वर्षांनी गाठीने पुन्हा डोके वर काढले, तर नव्या डॉक्टरला सर्वांत आधी हवा असतो हाच कागद आणि आखणीची सीडी. जमिनीचा सातबारा आणि मुलांचे दाखले ज्या पेटीत ठेवतात त्याच पेटीत तो ठेवावा, आणि घरातल्या किमान दोघांना त्याची जागा ठाऊक असावी.